कप्तानाचा थोरला भाऊ

बायकोचं डायलिसिस सुरू झालं त्याला आता दोन वर्षं होत आली. मंगळवार, गुरुवार, शनिवार. सकाळी साडेसहाला ग्वाल्हेरच्या दर्पण कॉलनीतून ऑटो करून निघायचं, सातला तिला मशीनवर घेतात, अकराला सोडतात. घरी आल्यावर ती दुपारभर झोपते, दुसऱ्या दिवशी जरा माणसात असते आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा साडेसहा. मी पस्तीस वर्षं सरकारी शाळेत गणित शिकवलं. जून आला की नवी मुलं आणि एप्रिलमध्ये वर्ष संपलं, अशीच माझी सवय. ह्यात काही संपत नाही, हे अंगवळणी पडायला मला फार वेळ लागला.

पहिले सहा-सात महिने मी तिच्या पलंगाशेजारी स्टुलावर नुसता बसून असायचो. हॉस्पिटल लहान, त्यामुळे घरच्या एका माणसाला आत बसू देतात. सहा पलंग, सहा मशीन. तिच्या डाव्या हातात दोन जाड सुया, त्यामुळे तो हात चार तास हलवायचा नाही. मधुमेहानं डोळे आधीच अधू झालेले. माणूस ओळखू येतो, ताटात काय वाढलंय ते दिसतं, पण छापील अक्षर दिसत नाही. भिंतीवर टीव्ही होता, त्याचा आवाज कायम बंद. मी मशीनवरचे आकडे बघायचो, मग तिच्याकडे, मग पुन्हा आकडे. बीपी फार खाली आलं की टेक्निशियनला हाक मारायची, तेवढं एक काम.

जानेवारीतल्या एका गुरुवारी ती म्हणाली, "अहो, मला काही वाचून दाखवाल का?"

"पेपर आणू?"

"पेपर नको. मंडळाच्या वाचनालयात एक मालिका आहे. कप्तानाची. ती आणा. पहिल्या भागापासून."

आमच्या मराठी मंडळाचं वाचनालय लश्कर भागात, सभागृहाच्या मागच्या खोलीत. संध्याकाळी दोन तास उघडं असतं. मी आयुष्यभर मंडळात गेलो ते गणपतीत आणि निवडणुकीच्या भांडणांना. वाचनालयाच्या खोलीत बहुधा पहिल्यांदाच शिरलो. तिथल्या बाईंनी न विचारता पहिला भाग काढून दिला. कव्हरवर पांढऱ्या गणवेशातला एक माणूस आणि त्याच्याकडे पाठ करून उभी असलेली, केस उडत असलेली बाई. मी ते पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणलं. गल्लीत माझे दोन जुने विद्यार्थी राहतात.

बावीस भाग, प्रत्येक दीडशे पानांचा. कोकणातल्या एका बंदरगावात दवाखाना चालवणारी डॉक्टरीण आणि मालवाहू जहाजावरचा कप्तान. तो सहा महिने समुद्रावर, सहा महिने गावात. दर भागात दोघं जवळ येतात आणि दर भागाच्या शेवटी काहीतरी होतं. पत्र भलत्याच्या हातात पडतं, जहाजाचा पत्ता लागत नाही, नाहीतर कप्तानाची पूर्वी ठरलेली वधू सामानासकट बंदरावर उतरते. पहिल्या दिवशी मी पहिली दहा पानं वाचली आणि म्हणालो, "हे असलं तू ऐकणार?"

"तुम्ही वाचा तर. आणि 'जवळ' म्हणा, 'जवल' नको."

माझं सगळं शिक्षण हिंदीतून झालेलं. घरी मराठी बोलायचो, पण ती ग्वाल्हेरची, हिंदीत भिजलेली. बायकोही इथलीच, पण माधवगंजच्या मराठी वस्तीतली. तिच्या वडिलांनी मुलींना मराठी पुस्तकं वाचायला लावली होती, त्यामुळे तिचा ळ शाबूत. त्या पलंगावर पडल्या पडल्या डोळे मिटून ती माझे उच्चार सुधारायची, आणि मी, इतक्या पोरांच्या वह्या तपासलेला माणूस, निमूटपणे पुन्हा म्हणायचो.

तिच्या शेजारच्या पलंगावर एक बाबूजी असायचे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, थाटीपुरला मुलाच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहणारे. दुसऱ्या आठवड्यात ते मला म्हणाले, "मास्टरसाहब, आवाज़ तो अच्छी है आपकी, पर आधा ही समझ में आता है. थोड़ा हिंदी में भी बताते चलिए."

मग दोन पानं मराठीत वाचायची आणि त्यांचा सारांश हिंदीत सांगायचा, असं सुरू झालं. बाबूजींची बायको त्यांच्या पायाशी बसून स्वेटर विणायची. तीही ऐकायला लागली. टेक्निशियन सुई लावता लावता विचारायचा, "कप्तान लौटा कि नहीं?"

मी कधी अडकलो ते मला नेमकं सांगता येणार नाही. चौथ्या भागाच्या शेवटी कप्तान डॉक्टरणीच्या दारापर्यंत येतो आणि आतून दुसऱ्या पुरुषाचा आवाज ऐकून परत फिरतो. तिथे अकरा वाजले. सुया काढल्या, पट्ट्या बांधल्या, आम्ही घरी आलो. ती झोपली आणि मी ओट्यापाशी उभ्यानं पाचवा भाग उघडला. आवाज कुणाचा ते बघून बंद करू, असं म्हणत. बायकोसाठी भाज्या दोनदा पाण्यातून काढून शिजवाव्या लागतात, नाहीतर रक्तात पोटॅशियम वाढतं. त्या दिवशी भाजी तळाला लागली, वास बैठकीत पोचला, आणि मी एक्कावन्नाव्या पानावर होतो. आवाज डॉक्टरणीच्या मामाचा होता.

त्यानंतर दुपारी ती झोपली की मी पुढचं वाचून ठेवायचो. सकाळी तिच्यासमोर तेच पान पहिल्यांदा वाचतोय असा आव आणायचो. वाचनालयातल्या बाई एकदा म्हणाल्या, "काकूंचा वेग वाढला की हो." मी म्हटलं, "हो, त्यांना फार आवडतंय." घरातली कामं, औषधांची यादी, इन्शुरन्सचे कागद हे सगळं तसंच होतं. पाठ दुखायची, झोप पुरायची नाही. पण बुधवारी दुपारी एक पुस्तक वाट बघतंय ह्याचं मला बरं वाटायचं, आणि त्याची लाजही वाटायची.

एप्रिल संपला आणि ऊन आपल्या गावाला साजेसं झालं. डायलिसिसच्या माणसाला पाणी मोजून. बायकोला दिवसाला पाऊण लिटर, त्यात चहा, आमटी, औषधाबरोबरचा घोट सगळं आलं. शेहेचाळीस डिग्रीत ती बर्फाचा खडा जिभेवर ठेवून तासभर काढायची. आणि त्या पुस्तकात सगळे सारखा चहा पीत. दवाखान्यात चहा, धक्क्यावर चहा, भांडण झालं की चहा, मिटलं की चहा. एकदा वाचता वाचता मी तिच्याकडे बघितलं तर ती ओठांवरून जीभ फिरवत होती. त्या दिवसापासून मी चहा वगळायला लागलो. कप दिसला की ओळ सोडून पुढे.

पण मोठी लबाडी केली ती नवव्या भागात. कप्तानाला एक थोरला भाऊ असतो. मणक्याच्या दुखण्यानं वर्षभर अंथरुणावर. नवव्या भागाच्या मध्यावर ताप भरून तो जातो, आणि ओसरीवर जमलेल्या बायका म्हणतात, सुटला बिचारा, आणि घरचेही सुटले. बुधवारी दुपारी मी ते वाचलं आणि पुस्तक पालथं ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मला सहा पलंगांच्या मधे बसून ते मोठ्यानं वाचायचं होतं, आणि नंतर हिंदीतही सांगायचं होतं.

गुरुवारी ते पान आलं. मी थांबलो, चष्मा पुसला आणि म्हणालो, "पहाटे त्याचा ताप उतरला. त्यानं डोळे उघडले आणि भाकरी मागितली." पुढची तीन पानं न वाचता उलटली.

बाबूजी म्हणाले, "चलो, अच्छा हुआ."

बायको डोळे मिटून पडली होती.

एकदा जिवंत ठेवलेल्या माणसाला पुढे सांभाळावं लागतं, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. दहाव्या भागात घरातले सगळे जेवायला बसतात, तेव्हा हा कुठे असेल? कप्तानाचं जहाज सुटतं तेव्हा निरोप द्यायला हा येईल की नाही? मी चिठ्ठ्यांवर त्याचे संवाद लिहून पानांत ठेवायला लागलो. आयुष्यात मी गणितं सोडून दुसरं काही लिहिलेलं नाही. त्याला आधी काठीनं चालायला लावलं, मग दवाखान्याच्या आवारात भाजी लावायला दिली. अकराव्या भागात त्याला गावातली बंद घड्याळं दुरुस्त करायचं काम मिळवून दिलं. तो कमी बोलायचा, पण वेळेवर बोलायचा. कप्तान आणि डॉक्टरीण भांडली की दोघांना वेगवेगळं बसवून ऐकून घ्यायचा. बाबूजींना कप्तानापेक्षा तोच आवडायला लागला. आल्या आल्या विचारायचे, "बड़े भैया कैसे हैं?"

जुलैत बाबूजींचं ठरलं. त्यांची बायको त्यांना किडनी देणार होती. तपासण्या जुळल्या होत्या, ऑपरेशन अहमदाबादला. शेवटच्या दिवशी ती आम्हाला सांगायला आली. माझी बायको तिला म्हणाली, "डर नहीं लगता?"

"लगता है," ती म्हणाली. "पर दो हैं, एक दे दूँगी. वैसे भी घर में टीवी एक है, उस पर भी इन्हीं का कब्ज़ा है."

बाबूजी हसले. जाताना माझा हात हातात घेऊन म्हणाले, "किताब पूरी हो जाए तो बताइएगा."

माझ्या तपासण्या पहिल्याच वर्षी झाल्या होत्या. मलाही मधुमेह, वर बीपी. डॉक्टरांनी माझी फाइल पाच मिनिटांत परत केली होती. आमची एकुलती एक मुलगी पुण्याला असते. तेव्हा ती फोनवर म्हणाली होती, "आई, मी देते ना. इसमें इतना सोचना क्या है?" बायकोनं उत्तर न देता फोन माझ्या हातात दिला होता. त्यानंतर पुन्हा तो विषय काढायचा नाही, असं तिनं मला सांगितलं होतं, आणि मी काढला नव्हता. त्या दिवशी परतताना ऑटोत तो विषय आमच्या मधे बसला होता. बाबूजींचं चांगलं व्हावं असं मला मनापासून वाटत होतं. आणि त्यांचा रागही येत होता.

पुढच्या मंगळवारी बाबूजींच्या पलंगावर नवी पेशंट होती. कानात इअरफोन घालून झोपलेली एक तरुण मुलगी. मी तेरावा भाग उघडला. पहिल्याच पानात भावाची चिठ्ठी होती. मी वाचायला सुरुवात करणार, एवढ्यात बायको म्हणाली, "अहो, आता बाबूजी गेले. आता खरं वाचा."

"म्हणजे?"

"कप्तानाचा भाऊ नवव्या भागात वारला. किती दिवस फिरवणार त्याला?"

मी पुस्तक मांडीवर ठेवलं. "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगेल? चौदा भाग वाचलेत मी. डोळे होते तेव्हा. माझ्या उशाशी असायची की ती पुस्तकं. कधी बघितली नाहीत का तुम्ही?"

नव्हती बघितली. इतक्या वर्षांच्या संसारात तिच्या उशाशी पुस्तक असतं एवढं मला माहीत होतं. कुठलं, ते मी कधी उचलून पाहिलं नव्हतं.

"आणि चहासुद्धा गाळून राहिले तुम्ही," ती म्हणाली. "सातव्या भागात ती चहावरूनच रुसते. तुम्ही चहाच गाळला. मग बाई कशावरून रुसली, ते बाबूजींना कळेचना."

तिला हसू आलं. हसताना हात हलला आणि मशीन वाजायला लागलं. टेक्निशियन धावत आला, सुई बघितली आणि आम्हा दोघांनाही रागावला. तो गेल्यावर मी हळूच विचारलं, "मग वाचलेलंच मला कशाला वाचायला लावलंस?"

तिनं डोळे मिटले. मला वाटलं, डोळा लागला.

"तुम्ही माझ्याकडे बघत बसायचे," ती म्हणाली. "चार तास. मशीनकडे बघायचे आणि माझ्याकडे बघायचे. मला डोळे मिटूनसुद्धा कळायचं. मला ते सोसत नव्हतं हो. म्हटलं, पुस्तकाकडे तरी बघतील."

मी बाटलीचं झाकण उघडून तिला एक घोट पाणी दिलं.

"पण तुमचा भाऊ चांगला होता," ती म्हणाली. "पुस्तकातला खडूस होता. तो मेला तेव्हा मला काहीच वाटलं नव्हतं."

त्या दिवशी मी वाचलं नाही. ती झोपली आणि मी खिडकीतून बाहेर बघत बसलो. समोर औषधाचं दुकान, त्याच्यापुढे डाळ भरलेल्या पुऱ्या, म्हणजे बेडई, तळणाऱ्याची गाडी, तिच्याभोवती उभ्यानं खाणारी माणसं. अकरा वाजेपर्यंत मी तिच्याकडे एकदाही बघितलं नाही. ते मला फार जड गेलं.

गणपतीच्या सुमारास बाबूजींचा फोन आला. ऑपरेशन होऊन महिना झाला होता. आवाज बारीक, पण खणखणीत. बायकोही बरी होती, उठून फिरत होती. दोन लिटर पाणी पितो म्हणाले, आणि लगेच थांबले. हे आम्हाला सांगायला नको होतं, असं त्यांना वाटलं असावं. मग म्हणाले, "और सुनाइए, बड़े भैया कैसे हैं?"

फोन स्पीकरवर होता. मी बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, "सांगा की."

"ठीक हैं," मी म्हणालो. "घड़ियों की दुकान खोल ली है. काम अच्छा चल रहा है."

"मुझे मालूम था," बाबूजी म्हणाले.

पंधराव्या भागापासून आम्ही दोघंही कोरे होतो. दुपारी पुढचं वाचायचं नाही, असं तिनं मला बजावलं आणि मी ते पाळलं. भाऊ नाही, चहा आहे, जसं लिहिलंय तसं. खरं सांगायचं तर गोष्ट पुढे पातळ होत गेली. अठराव्या भागात पुन्हा पत्र भलत्याच्या हातात पडलं. पण मला सोडवेना. पाय दुखतायत, रात्रभर खोकला झालाय, सकाळी उठवत नाही, आणि तरी ऑटोत बसल्यावर पहिला विचार कप्तानाचा. साठी ओलांडलेल्या माणसाला शोभणारी ही गोष्ट नाही, हे मला कळत होतं.

दिवाळीनंतरच्या शनिवारी बाविसावा भाग संपला. लग्न झालं. धक्क्यावर, सगळ्या गावादेखत. शेवटच्या वीस पानांत बायकोचं बीपी खाली आलं, पायात गोळे आले, टेक्निशियननं पलंगाची डोक्याकडची बाजू खाली केली आणि ती ग्लानीत गेली. मी थांबलो. मग बाबूजींच्या पलंगावरची ती मुलगी कानातला इअरफोन काढून म्हणाली, "अंकल, पढ़िए ना, मैं सुन रही थी." मी तिच्यासाठी शेवटपर्यंत वाचलं. संपल्यावर माझा घसा बसला होता आणि मला रडायला येईल असं वाटत होतं, लग्नामुळे नव्हे.

ऑटोत मी बायकोला शेवट सांगितला. ती म्हणाली, "लग्नच लावायचं होतं तर बावीस भाग कशाला?" आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून पुन्हा झोपली.

पुढचे तीन-चार आठवडे फार रिकामे गेले. मी वाचनालयातून एक नावाजलेली जाड कादंबरी आणली. दहा पानांनंतर बायको म्हणाली, "ह्यात कुणाला काही होतच नाही हो." ती परत केली. आता मी वाचत नाही. कधी ती माहेरचं काही सांगते, माधवगंजमधल्या शाळेचं, मैत्रिणींचं. मी ते पूर्वी ऐकलेलं असायला हवं, पण बरंचसं नवीन वाटतं. कधी आम्ही गप्प बसतो.

डिसेंबरात मुलगी आठवडाभर येऊन गेली. दोन वेळा माझ्याऐवजी ती स्टुलावर बसली. दुसऱ्या वेळी घरी आल्यावर तिनं आईसमोर सरळ विषय काढला. मी स्वयंपाकघरात होतो. बायको नाही म्हणेल म्हणून वाट बघत होतो. मग तिचा आवाज आला, "तुझ्या नवऱ्याला विचारलंस?"

"विचारलं. ते हो म्हणतायत. आई, सिर्फ टेस्ट तो करवाने दो. जुळलं तर बघू."

"थकले गं मी," बायको म्हणाली. एवढंच. हो नाही, आणि नाहीही नाही.

मुलीनं पुण्याला जाऊन तपासण्या दिल्या आहेत. काही रिपोर्ट आले, ते ठीक आहेत. मुख्य यायचा आहे. जुळावा असं वाटतं तेव्हा मला माझी मुलगी ऑपरेशनच्या टेबलावर दिसते, आणि जुळू नये असं वाटतं तेव्हा साडेसहाचा ऑटो दिसतो. दोन्ही एकाच दिवसात कितीदा तरी वाटून जातं. बायकोला काय वाटतं ते मी विचारलेलं नाही. रिपोर्ट आला की मुलगी आधी मला फोन करणार आहे, आईला नंतर. तिला न सांगता मी आणि मुलीनं तसं ठरवलंय.